नववा टॅब

(दृश्य: ब्राउझर. आठ टॅबमध्ये पान उघडलेलं. नवव्यावर चक्र फिरतंय.)

पहिली आठ पानं चटकन उघडली. नववं उघडत नाही. पडद्यावर एरर नाही, ‘सर्व्हर सापडला नाही’ असा निरोपही नाही. चक्र तेवढं फिरतंय.

(दृश्य: टर्मिनल. लॉगची शेवटची ओळ, तिच्याखाली कर्सर.)

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, तीही पुढे सरकत नाही.

“मॅडम, काहीच येत नाहीये. रीस्टार्ट मारू?”

“थांब. आत्ता मारलास तर सगळं सुरू होईल आणि कारण कळायचं राहून जाईल.”

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसातलं हे टेस्टिंगचं मशीन; त्याच्यासमोर एक मुलगा आणि त्याच्या मॅडम. बिघाड चित्रीकरणासाठी मुद्दाम घडवून आणलाय. टॉमकॅट म्हणजे जावाची वेब अॅप्स चालवणारा सर्व्हर; त्याच्या ७ व्या आवृत्तीवर सुखाने चालणारी कॉन्फिगरेशन फाइल उचलली आणि काना-मात्रा न बदलता टॉमकॅट ९ वर ठेवली. टॉमकॅट ७ चा अधिकृत सपोर्ट ३१ मार्च २०२१ रोजी संपला, त्यामुळे जुन्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांना हे स्थलांतर कधी ना कधी करावंच लागलं.

(दृश्य: टॉमकॅटचं बोधचिन्ह, पिवळा बोका. मग सर्व्हर सुरू होताना सरकणाऱ्या ओळी.)

हा बोका तसा जुना. सन मायक्रोसिस्टम्समध्ये काम करणाऱ्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये सनने तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या हवाली केला. मुक्त सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तेव्हा प्राणी असायचे. आपल्या सॉफ्टवेअरवरही कधीतरी पुस्तक निघेल, तर त्यावर स्वतःचं स्वतः निभावणारा प्राणी असावा, म्हणून डेव्हिडसन यांनी बोका निवडला. २००३ मध्ये तसं पुस्तक आलंही. मुखपृष्ठावर मात्र हिमबिबट्या होता.

मोठ्या जावा सर्व्हरमध्ये असतो तो बराचसा पसारा टॉमकॅटमध्ये नाही. मोठ्या अॅपचे भाग सांभाळणारी ईजेबी नाही, प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणारं मेसेजिंग नाही. झिप उघडा, जावा दाखवा, ८०८० पोर्टवर पान हजर. एवढ्या हलक्या सर्व्हरनेही एक गोष्ट मात्र स्वतःकडे ठेवली आहे: डेटाबेसची कनेक्शनं.

(दृश्य: एडिटरमध्ये कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल. कॅमेरा हळूहळू ‘रिसोर्स’ टॅगकडे. एक ओळ धूसर केलेली.)

ही ती फाइल. इथे कनेक्शनला एक नाव दिलंय: जेडीबीसी, तिरकी रेघ, फीडीबी, म्हणजे फीचा डेटाबेस. प्रोग्रॅमला हे नाव तेवढं माहीत. डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, युजर कोण, डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर कुठला, हे त्याला ठाऊक नसतं आणि असूही नये. तो जेएनडीआयकडे, म्हणजे नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीकडे, नाव सांगतो आणि टॉमकॅट त्याच्या हाती डेटासोर्स, म्हणजे कनेक्शनं देणारी वस्तू, ठेवतो. उद्या डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला तर बदलायची ती ही फाइल. प्रोग्रॅम पुन्हा बांधायची गरज नाही. ड्रायव्हरची जार (जावा कोडचा गठ्ठा) मात्र टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये हवी, कारण पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनांचा साठा, उभा करतो टॉमकॅट. ती अॅपच्या पोटात ठेवून ‘ड्रायव्हर सापडत नाही’ म्हणून दुपार घालवलेले लोक कमी नसतील.

धूसर केलेली ओळ पासवर्डची. खऱ्या फाइलमध्ये तो उघडा, सहज वाचता येईल असाच असतो. टॉमकॅटला तो डेटाबेसला जसाच्या तसा सांगावा लागतो, त्यामुळे कुलूप लावलं तरी किल्ली शेजारीच ठेवावी लागेल. म्हणून ही फाइल टॉमकॅटच्या युजरखेरीज कोणाला वाचता येणार नाही अशी परवानगी लावायची, आणि त्या डेटाबेस युजरला हवे तेवढेच अधिकार द्यायचे.

(दृश्य: तीच फाइल. तीन ओळींवर एकेक करून कर्सर थांबतो.)

आता या तीन ओळी. मॅक्सअॅक्टिव्ह १००. मॅक्सवेट १०००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद. रिमूव्हअबॅन्डन्ड ट्रू. वाचायला सरळ आहेत: जास्तीत जास्त शंभर कनेक्शनं, दहा सेकंदांत मिळालं नाही तर एरर, आणि घेऊन विसरलेलं कनेक्शन परत ओढून घ्या.

नवं कनेक्शन उघडायचं म्हणजे नेटवर्कवर हात मिळवायचा, ओळख पटवायची, डेटाबेसने त्यासाठी मेमरी बाजूला काढायची. दर पानाला हे परवडत नाही. म्हणून पूल. पूर्वी तासावर सायकली देणारी दुकानं होती, तसा हा कारभार: सायकली ठरावीक, नेलेली परत लावली की पुढच्याला. परत लावलीच नाही, तर दुकानदार वहीत नुसता ‘दिली’ एवढंच बघत बसतो.

(दृश्य: स्क्रीनचे दोन भाग. डावीकडे नववा टॅब अजून फिरतोय. उजवीकडे मायएसक्यूएल या डेटाबेसची ‘शो प्रोसेसलिस्ट’, म्हणजे उघड्या कनेक्शनांची यादी.)

उजवीकडे बघा. अॅपच्या युजरच्या ८ ओळी. प्रत्येकीपुढे ‘स्लीप’. कमांड पुन्हा चालवली की वेळेचा आकडा वाढलेला. १२. ३१. ५८. डेटाबेसला काम नाही, तो निवांत आहे. आठही कनेक्शनं उघडी, आठही रिकामी, आणि नववी विनंती दाराशी ताटकळलेली.

शंभर लिहिले होते. मग आठच का?

“वर जा. अगदी वर. सर्व्हर चालू झाला तेव्हाचं बघ.”

(दृश्य: लॉग उलटा सरकतो. पिवळ्या पट्टीने एक ओळ ठळक.)

ही ओळ सुरुवातीपासून इथेच होती. (डीबीसीपी म्हणजे टॉमकॅटमधला पूल सांभाळणारी लायब्ररी.) मॅक्सअॅक्टिव्ह हा गुणधर्म डीबीसीपी-२ मध्ये वापरला जात नाही, मॅक्सटोटल वापरा. मॅक्सटोटलचं मूळ मूल्य ८. तुम्ही दिलेलं १०० हे मूल्य दुर्लक्षित केलं जात आहे.

यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगायचं? पण ती ‘वॉर्निंग’ आहे, लाल ‘सिव्हिअर’, म्हणजे गंभीर, नाही. सर्व्हर उठला, पान दिसलं, लॉग बंद. आमच्या मते या धंद्यातल्या निम्म्या रात्री इथेच वाया जातात.

टॉमकॅट ८ पासून आतला पूल बदलला आणि डीबीसीपीची दुसरी आवृत्ती आली. तिने नावं बदलली. मॅक्सअॅक्टिव्हचं मॅक्सटोटल झालं. मॅक्सवेटचं मॅक्सवेटमिलिस झालं, आणि ते न दिल्यास मूळ मूल्य उणे १, म्हणजे मिळेपर्यंत वाट बघ, मुदत नाही. नवव्या टॅबला एरर का येत नाही, ते यामुळे. रिमूव्हअबॅन्डन्डही गेलं. त्याच्या जागी दोन आली: कनेक्शन मागताना झाडलोट करणारं एक, ठरावीक वेळाने करणारं दुसरं. तिन्ही जुन्या नावांबद्दल लॉगमध्ये तीन इशारे आहेत, एकाखाली एक.

(दृश्य: प्रोग्रॅमचा कोड. कनेक्शन घेणारी ओळ. खाली स्क्रोल. बंद करणारी ओळ दिसत नाही.)

खरी गंमत मात्र इथे आहे. या पानाचा कोड कनेक्शन घेतो आणि परत करत नाही. ही चूक टॉमकॅट ७ वरही होती. पण तिथे मर्यादा शंभरची होती, आणि आकडा शंभराजवळ गेला की पूल विसरलेली कनेक्शनं गुपचूप गोळा करायचा. चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहिली. नव्या सर्व्हरने ती केली नाही, झाकण काढलं.

मायएसक्यूएलची मूळ मुदत २८,८०० सेकंदांची, म्हणजे ८ तास रिकामं बसलेलं कनेक्शन तो स्वतःच तोडतो. त्यानेही सुटका नाही, कारण टॉमकॅटच्या हिशेबात ते अजून दिलेलंच असतं.

खऱ्या जागी हे फी भरण्याच्या शेवटच्या तारखेला होतं आणि खिडकीपुढे रांग लागते. पुढे बघू.

(दृश्य: टायपिंग जवळून. नावं बदलली जातात. सर्व्हर पुन्हा सुरू.)

नावं बदलली. त्यांच्या जोडीला लॉगअबॅन्डन्ड ट्रू, म्हणजे विसरलेलं कनेक्शन कोणी नेलं ते लॉगमध्ये लिही. मॅक्सटोटल मुद्दाम ८ च ठेवलाय. पुन्हा आठ टॅब, पुन्हा नववा. बरोबर १० सेकंदांनी एरर. असा एरर बघून खूश होणारी माणसं कॅमेऱ्यासमोर क्वचित सापडतात.

(दृश्य: लॉग. लांबलचक स्टॅक ट्रेस, म्हणजे कोडच्या कुठल्या ओळीवरून कुठे आलो त्याची यादी; त्यातल्या एका ओळीवर बोट.)

टाकून दिलेलं कनेक्शन परत घ्यायची मूळ मुदत ३०० सेकंद. पाच मिनिटं वाट पाहून पुन्हा पान उघडलं, आणि पुलाने जुनं कनेक्शन ओढून घेताना ते कोणी नेलं होतं ते छापलं. क्लासचं नाव, ओळीचा नंबर. त्या ओळीवर ट्राय-विथ-रिसोर्सेस आला, जावा ७ पासून असलेली सोय: कंस संपला की कनेक्शन आपोआप परत. आता ‘शो प्रोसेसलिस्ट’मध्ये कितीही टॅब उघडले तरी एकच ओळ जागी होते आणि झोपते.

(दृश्य: व्हाइटबोर्ड. १०० × २ = २००. शेजारी १५१ भोवती गोल.)

मग मॅक्सटोटल पुन्हा शंभर करायचा का? टॉमकॅटच्या कागदपत्रांतल्या नमुन्यात १०० आहे, म्हणून तो आकडा सगळीकडे दिसतो. पण मायएसक्यूएल मुळात १५१ कनेक्शनं देतो, वर एक जागा अॅडमिनसाठी राखून. दोन टॉमकॅट, प्रत्येकी शंभर, म्हणजे दोनशे. फळ्यावर वीस ठरले. डेटाबेस सांभाळणाऱ्यांशी त्याबद्दल झालेलं बोलणं आमच्याकडे चित्रित नाही.

(दृश्य: एडिटर. ‘शोधा आणि बदला’ची खिडकी. javax हा शब्द देवनागरीत उपशीर्षकात: ‘जावाएक्स’.)

शेवटचं काम टॉमकॅट १० ची तयारी. तिथे सर्व्हलेटची, म्हणजे वेब विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा कोडची, जावाएक्स नावं जकार्ता झाली आहेत. मुलाने ‘सगळे बदला’वर माउस नेलाय.

“मॅडम, या फाइलमध्येपण?”

“नाही रे. जावाएक्स डॉट एसक्यूएल जावाचंच आहे, ते कुठे जात नाही. डेटासोर्सची ओळ सोड, बाकीच्यांचं एकेक बघून कर.”