शेजारच्या सीटचं तिकीट तिप्पट का? पुणे–दिल्ली फ्लाइटमागचं गणित

नमस्कार मंडळी!

पुण्याहून दिल्लीला जाणारी सकाळची फ्लाइट. 12-ए वर एक काका बसलेत, पुतणीच्या लग्नाला निघालेत. तिकीट दीड महिन्यापूर्वी काढलंय, समजा पाच हजारांत. 12-बी वर चाकणच्या एका कंपनीतली सेल्स मॅनेजर. तिची मीटिंग काल संध्याकाळी ठरली, तिकीट रात्री निघालं, समजा चौदा हजारांत. सीट तशीच, गुडघे तेवढेच आखडलेले. तरी ती बाई शांतपणे लॅपटॉप उघडून बसलीय. चौदा हजारांचं तिला काहीच वाटत नाही, कारण ते तिचे नाहीतच.

आजचा व्हिडिओ या 12-बी वरच्या प्रवाशाबद्दल आहे. विमान कंपन्यांची खरी ओढाताण चालते ती हिच्यासाठी.

आता बघा, हिच्या तिकिटात तीन पार्ट्या आहेत. प्रवास ती करते, बुकिंग ट्रॅव्हल डेस्क करतो, आणि पैसे कंपनी देते. तिघांना हवं असतं वेगवेगळं. तिला वेळेत पोचून रात्री घरी जेवायला यायचंय. ट्रॅव्हल डेस्कला फक्त कटकट नकोय. अकाउंट्सला जीएसटीचं बिल हवंय, आणि तेही कंपनीच्या जीएसटी नंबरसकट, नाहीतर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची करात मिळणारी वजावट, बुडालं. म्हणून तर एअरलाइन्स अशा ऑफिसांना वेगळा कॉर्पोरेट दर देतात. तो दर नेहमी सर्वात स्वस्त असतोच असं नाही. पण तारीख बदलायला, तिकीट रद्द करायला कमी पैसे लागतात. काकांची तारीख पत्रिकेत छापलेली आहे, मॅडमची मीटिंग कधीही पुढे जाऊ शकते.

पण एअरलाइनला कळणार कसं, की कोण लग्नाला चाललंय आणि कोण मीटिंगला? कपाळावर तर लिहिलेलं नसतं.

याचं उत्तर अमेरिकेत सापडलं. 1977 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ नावाची स्वस्त तिकिटं काढली, पण अट अशी की ती बरेच दिवस आधी घ्यायची. पुढे तिकडे आणखी एक अट रुळली, आणि मला ती फार आवडते: स्वस्त परतीचं तिकीट हवं असेल, तर शनिवारची रात्र तिकडेच काढा. फिरायला गेलेला माणूस आनंदाने राहील. कामाला गेलेला शुक्रवारी संध्याकाळी घरी पळणार, तो कशाला थांबतोय? एकही प्रश्न न विचारता गिऱ्हाईक ओळखलं! आपल्याकडे ही शनिवारची भानगड नाही, आपल्याकडे ते काम कॅलेंडर करतं. उद्याचं तिकीट आज काढताय, म्हणजे तुम्हाला गरज आहे, म्हणजे तुम्ही पैसे देणार. यात कुणाच्या आजारी आईसाठी धावणारा माणूसही भरडला जातो, हे मला पटत नाही. पण सिस्टिमला तो आणि सेल्स मॅनेजर सारखेच दिसतात.

मग 1981 आलं. त्याच अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही पॉइंट्सची योजना आणली. तेव्हा कंपनीचे प्रेसिडेंट होते रॉबर्ट क्रँडल. योजनेची मेख एकच: तिकिटाचे पैसे ऑफिस देतं, पॉइंट मात्र प्रवाशाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे ऑफिसच्या पैशाने दिल्लीच्या वाऱ्या करा, आणि साठलेल्या पॉइंट्सवर बायकोमुलांना गोव्याला न्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच! मग तो प्रवासी ट्रॅव्हल डेस्कला स्वतःच सांगतो, ‘मला त्याच एअरलाइनचं तिकीट काढा.’ दुसरीकडे दोन हजारांनी स्वस्त असलं तरी. बघता बघता जगभरच्या कंपन्यांनी ही युक्ती उचलली.

भारतात जेट एअरवेजने याच प्रवाशावर वर्षानुवर्षं धंदा केला. 2005 मध्ये किंगफिशर आली, ती तर थाटामाटातच: सीटसमोर स्क्रीन, गरम जेवण, सगळं झगमगीत. 2012 मध्ये किंगफिशर जमिनीवर आली, एप्रिल 2019 मध्ये जेट. विस्तारा 2015 मध्ये आली, प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला क्लास घेऊन. 2024 मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. आणि ज्या इंडिगोने 2006 पासून फुकट जेवणही दिलं नाही, तिच्याकडे आज देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त आहेत.

हे झालं कसं? याचं उत्तर आपल्या लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर दिसतं.

पुण्याच्या कंपन्यांमधली बहुतेक माणसं बिझनेस क्लासने जातच नाहीत. पॉलिसीत इकॉनॉमी लिहिलेलं असतं, वरची मोजकी मंडळी सोडून. त्यात इकॉनॉमीवर जीएसटी 5 टक्के, आणि वरच्या क्लासवर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. लाउंज म्हणाल, तर क्रेडिट कार्डवर आता कुणीही आत जातं; इडलीसाठी रांग लावायची तर ती बाहेरही लावता येते. मग या माणसाला द्यायचं काय? सकाळी लवकर जायची फ्लाइट आणि संध्याकाळी उशिरा परत यायची फ्लाइट.

यात एक बारीक गोष्ट आहे. पहाटेची फ्लाइट वेळेवर सुटायची तर विमान रात्रीच पुण्यात उभं हवं. दुसऱ्या शहरातून येणार असेल, तर तिकडचा उशीर इकडे येतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की पुण्यातला बोर्ड कसा लाल होतो, बघितलंय ना? म्हणून रात्रीच्या पार्किंगची जागा मिळवणं हीसुद्धा स्पर्धाच. आणि लोहगावची धावपट्टी आहे हवाई दलाची. 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, ऐसपैस आहे, पण टर्मिनल वाढलं म्हणून धावपट्टी वाढत नाही.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. मीटिंग सहाऐवजी चारला संपली, तर आधीची फ्लाइट मिळेल का? ज्या एअरलाइनच्या दिवसाला फेऱ्या जास्त, तिच्याकडे मिळेल. म्हणून एखाद्या मार्गावर निम्म्याहून जास्त फेऱ्या ज्याच्या, त्याला बिझनेस प्रवाशांमधला वाटा त्याहूनही मोठा मिळतो, असं या धंद्यात मानतात. फुकटच्या सँडविचने हे गणित बदलत नाही.

याची दुसरी बाजू डिसेंबर 2025 मध्ये कळली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, देशभरात हजारो फ्लाइट रद्द झाल्या. पुण्याच्याही झाल्या. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवणाऱ्या ट्रॅव्हल डेस्कचे ते दिवस कसे गेले असतील, विचारू नका.

आणि आता तीच इंडिगो 2024 पासून दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाच्या रुंद सीट विकतेय, विमानात फक्त बारा. पॉइंट्सची योजनाही आणलीय. म्हणजे फेऱ्यांवर बाजार जिंकला, आणि मग थाट आला. किंगफिशरने सुरुवातच थाटाने केली होती.

परदेशाचं काय? 2008 मध्ये लुफ्थान्साने पुणे–फ्रँकफर्ट सुरू केली होती, आपल्या वाहन उद्योगातल्या जर्मन कंपन्यांकडे बघून. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर, त्यामुळे मोठं विमान भरून उडवणं अवघड. म्हणून लहान विमान, तेही प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीचं. 2018 च्या अखेरीस प्रायव्हेटएअरच बुडाली. तेव्हापासून आपला साहेब युरोपला जायचं म्हटलं की बहुतेक वेळा खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईलाच जातो.

डिसेंबर 2025 पासून मात्र नवी मुंबईहून विमानं उडू लागलीत. वाकड-हिंजवडीच्या माणसाला एक्स्प्रेसवे संपला की विमानतळ जवळच, मुंबईतला ट्रॅफिक वाचला. तिथून युरोपच्या थेट फ्लाइट कोण आधी सुरू करतं, याकडे पुण्यातल्या ट्रॅव्हल डेस्कचं लक्ष असणारच.

तुमच्या ऑफिसात पॉइंट कुणाच्या खात्यात जातात, तुमच्या की कंपनीच्या? खाली कमेंटमध्ये सांगा. बॉस चॅनल बघत असेल, तर नाव नका लिहू!