गाडीच्या पोटात काय दडलंय?

[दृश्य : लिफ्टवर चढवलेली इलेक्ट्रिक गाडी. कॅमेरा खाली, वर बघतोय.]

पेट्रोलच्या गाडीखाली उभं राहिलं की सायलेन्सरचा पाइप दिसतो, ऑइल चेंबर दिसतो, टाकी दिसते. इथे पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत नुसता सपाट पत्रा. बॅटरीच्या पेटीचा हा तळ.

पेटीचं वजन बऱ्याच गाड्यांत ३०० ते ५०० किलो असतं. एवढं ओझं जितकं खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलते. आणि दोन अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या दांड्यांच्या, मधे ठेवलं, की समोरून किंवा मागून धडक बसली तरी चेपणारा भाग बॅटरीपासून लांब राहतो. धोका उरतो बाजूचा. तिथे दार आणि सेल यांत अंतरच थोडं. म्हणून दाराखालच्या पट्टीत आतून कप्पे असलेली अ‍ॅल्युमिनियमची तुळई घालतात. धडकेत आधी ती चेपते.

[दृश्य : झाकण काढलेली पेटी. सेलच्या रांगा.]

४०० व्होल्टचा म्हणतात त्या पॅकमध्ये, म्हणजे अशा पेटीत, सहसा ९६ सेल, किंवा सेलचे गट, सीरीजमध्ये, एकापुढे एक जोडतात. एकाचे ३.७ व्होल्ट धरले तर बेरीज होते सुमारे ३५५. पूर्ण चार्ज झाल्यावर ४०३.

पेटीची जाडी मात्र प्रवाशाच्या गुडघ्यांना कळते. गाडीची आतली जमीन वर येते, सीट तिथेच राहते, मग मांड्या अधांतरी. पोर्शे टायकानमध्ये मागच्यांच्या पायांपाशी पॅकमध्ये चक्क खळगा सोडलाय. निसान लीफमध्ये सेलचा उंच थर मागच्या सीटखाली सरकवलाय. १९९६ च्या जीएम ईव्ही१ मध्ये तर बॅटरी इंग्रजी टीच्या आकाराची, दोन सीटांच्या मधून गेलेली.

मोटरला जागेची एवढी अडचण नाही. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा), डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) आणि साधारण ९ ला १, म्हणजे मोटरच्या नऊ फेऱ्यांना चाकाचा एक, असा एकच गिअर, सगळं बहुधा एकाच खोक्यात, थेट अ‍ॅक्सलवर. प्रश्न एवढाच, पुढे की मागे?

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीचं वजन मागे सरकतं. म्हणून ओल्या रस्त्यावर पुढच्या मोटरची चाकं जागीच फिरतात, मागची पकड धरतात. शिवाय पुढे मोटर नसली की चाकांना वळायला मोकळी जागा मिळते. ब्रेकमध्ये उलटं होतं, वजन पुढे येतं. वीज परत मिळवायला पुढची मोटर बरी. दोन मोटरच्या कित्येक गाड्यांत मागे कायमचुंबकाची मोटर आणि पुढे इंडक्शन, म्हणजे कायमचुंबक नसलेली मोटर असते, कारण इंडक्शन मोटर बंद असताना चाकाला जवळजवळ अडवत नाही.

चाकातच मोटर ही कल्पना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातल्या लोनर-पोर्शेइतकी जुनी. अडचणही तेवढीच जुनी : वजन स्प्रिंगच्या खाली जातं आणि प्रत्येक खड्ड्यात चाक आपटतं.

[दृश्य : जॅकची थाळी, पत्र्यावरचा खोलगट डाग.]

गॅरेजमध्ये होणारी चूक ही. जॅक पेटीच्या तळाला लावला. वरून पत्रा फक्त दबलेला दिसतो. आत थंडाव्याची प्लेट दबलेली असू शकते, आणि कूलंट गळायला लागलं की पॅक उतरवावाच लागतो. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीवरच्या चार खुणांवरच.

पॅक उतरवताना आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडायची, मग सर्व्हिस प्लग, म्हणजे पॅकचं सर्किट तोडणारा प्लग, काढायचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, रिकामे होईपर्यंत. मीटर लावून शून्य बघायचं. नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टच्या केबलला हात त्यानंतर, आणि वीजरोधक रबरी हातमोजे तेव्हाही काढायचे नाहीत.