वीज, ब्लेड आणि माइल्स डेव्हिस

श्रोतेहो, नमस्कार. सायकेडेलिक, म्हणजे झिंग आणणारं, जॅझ म्हटलं की लोकांना आधी एलएसडी हे अमली द्रव्य आठवतं. साठच्या दशकातली अमेरिका, तेव्हा ते साहजिकच. पण मला विचाराल, तर या संगीताला चढलेली झिंग विजेची आणि ब्लेडची होती.

वूडस्टॉकचा रॉक संगीताचा मेळा उठला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट १९६९ला, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत शिरला. तीन दिवस ध्वनिमुद्रण चाललं. सोबत दोन-दोन ड्रमवाले, दोन बासवाले, काही रचनांत तर तीन इलेक्ट्रिक पियानो. ड्रमवाल्यांपैकी लेनी व्हाइट अवघा १९ वर्षांचा! लिहून आणलेलं अगदी थोडं. बाकी सगळं माइल्सच्या खुणेवर. आपल्याकडे मैफलीत बुवा नुसत्या नजरेनं तबलजीला सांगतात ना, तसं.

खरी गंमत पुढेच आहे. निर्माता टिओ मॅसेरो त्या टेप घेऊन बसला. त्या ब्लेडनं कापल्या, हव्या तशा जोडल्या, एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावला, ट्रम्पेटवर प्रतिध्वनी चढवला. 'फॅरोज डान्स' ही वीस मिनिटांची रचना अशा डझनाहून जास्त जोडांवर उभी आहे. एका दमात वाजवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या जॅझमध्ये हे पाखंडच! पियानोवर बसलेल्या जो झाविनुलनं ते संगीत पुढे कंपनीच्या ऑफिसात ऐकलं, आणि विचारलं, हे कुणाचं? त्यात तो स्वतः वाजवत होता.

१९७०मध्ये हे ध्वनिमुद्रण 'बिचेस ब्रू' या अल्बमच्या रूपात बाहेर आलं. माइल्स आता फिलमोरसारख्या रॉकच्या सभागृहांत, ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी वाजवू लागला. जुने चाहते चिडले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. त्या लाटेत पुढे कितीतरी वादकांचं फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकचं मिश्रण, नुसतं वेगाचं प्रदर्शन झालं.

त्याच ध्वनिमुद्रणातला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन. १९७१मध्ये त्यानं कान बधिर करणारा 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' काढला. आणि काही वर्षांतच हा माणूस साधी गिटार घेऊन मांडी घालून बसला: शेजारी एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, आणि तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. तो बँड म्हणजे 'शक्ती'.

आज दोन्ही ऐकवतो. आधी 'बिचेस ब्रू'. हेडफोन असतील तर लावा. डाव्या कानातला ड्रम लेनी व्हाइटचा, उजव्यातला जॅक डीजॉनेटचा.