दौंडचा विसर्ग आणि सीनेचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा रंगात आला की सोलापूर जिल्ह्यात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात: 'उजनी प्लसमध्ये आली का?' आणि 'दौंडचा विसर्ग किती?' प्लस म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणातले पाणी मृतसाठ्याच्या वर जाणे, आणि विसर्ग म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी. दौंड पुणे जिल्ह्यात असले, तरी तेथून वाहणारे भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात उतरते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भीमेची उपनदी असलेल्या सीनेबद्दल मात्र अशी चौकशी क्वचितच होत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या पुराचे पाणी करमाळा, माढा आणि मोहोळ तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत शिरले, तेव्हा ही उणीव ध्यानात आली.

नदी मोठी की लहान, हे भूगोलात खोऱ्याच्या क्षेत्रफळावरून ठरते. ज्या खोऱ्याचे क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरहून अधिक ते मोठे, २,००० ते २०,००० मधले मध्यम आणि त्याखालचे लहान. ८६१ किलोमीटर लांबीची भीमा सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचे पाणी गोळा करते, तरी उपनदी म्हणून तिचा हिशेब कृष्णेच्या खोऱ्यातच धरला जातो. दुसरी विभागणी बारमाही आणि हंगामी अशी आहे, आणि माझ्या मते घात होतो तो येथेच. सीनेला हंगामी म्हटले की आपण ती निरुपद्रवी समजतो. कोरडे पात्र वर्षानुवर्षे पाहून काठावर पाणी उपसण्याच्या मोटारी, गोठे आणि पुढे घरेही येतात. वास्तविक 'हंगामी' हा शब्द नदीच्या उन्हाळ्याविषयी सांगतो, पुराविषयी नाही. अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतले पाणी घेऊन येणाऱ्या या नदीवर धरणे आहेत, परंतु उजनीसारखे सव्वाशे टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरातले पोट त्यांतील एकालाही नाही.

पुराच्या दृष्टीने अधिक उपयोगी वर्गीकरण काठावरच्या जमिनीचे आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते, ती निळी रेषा मानण्याचा प्रघात आहे, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र निषिद्ध आणि दोन रेषांमधले नियंत्रित असते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, बांधकामाचा परवाना मात्र नगरपालिका किंवा अन्य नियोजन प्राधिकरण देते. सातबाऱ्यावर खातेदार, क्षेत्र आणि पीक दिसते. पूररेषा पाहायची तर निराळा नकाशा मागवावा लागतो.

हीच वाटणी पुढेही चालते. पाणी हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, तर आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत येते. पूर्वानुमान केंद्रीय जल आयोग देतो, धरणाची दारे जलसंपदा विभाग उघडतो आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. सीनेची पातळी आयोग वडकबाळला मोजतो. पण तेथवर नदीची बहुतेक वाट सरलेली असते आणि पुढे ती लवकरच भीमेला मिळते, त्यामुळे माढ्याच्या शेतकऱ्याला त्या मोजणीचा फारसा आधार होत नाही. पंढरपूरची गोष्ट निराळी आहे. तेथे चंद्रभागेला उजनीचे पाणी येते, आणि वीर धरणातून सुटलेले पाणीही नीरेवाटे नरसिंहपूरच्या संगमातून येते. दोन्ही लोंढे एकाच वेळी पोहोचले की वाळवंटातली मंदिरे पाण्यात जातात. म्हणून तेथील माणूस दोन्ही आकडे विचारतो आणि त्यांची बेरीज करतो. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा, विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी खाली जाते, एवढा हिशेब त्याला पुरतो.

सीनेवर अशी बेरीज करण्यापूर्वी बंधाऱ्यांकडे पाहावे लागेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, खाचांत बसवतात, आणि पूर येण्याआधी त्या काढलेल्या असाव्या लागतात. नाहीतर वाहून आलेली झाडेझुडपे तेथे अडकतात, पाणी तुंबते आणि बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापीत शेतात घुसते. अडचण अशी, की आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात येतो. रब्बीच्या ज्वारीसाठी शेतकऱ्याला पाणी अडवायचे असते ते याच दिवसांत, आणि बर्गे काढून ठेवायचे असतात तेही याच दिवसांत.