हुकमाने निघालेली शाळा बेटाची कशी झाली

आज मी ज्या शाळेबद्दल बोलणार आहे तिच्या नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच आहे: गर्न्सी बेटावरचं एलिझाबेथ कॉलेज. इंग्लिश खाडीतलं हे बेट फ्रान्सला जवळ आणि इंग्लंडला लांब. आकाराने साधारण कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या मुंबई बेटाएवढं. राजा ब्रिटनचाच, पण बेट ब्रिटनचा भाग नाही. त्याचं विधिमंडळ वेगळं, कायदे वेगळे. एवढ्याशा जागेत 460 वर्षांहून जुनी शाळा आहे याचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र तिच्या वयापेक्षा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. वरून हुकूम काढून सुरू केलेली शाळा तिथल्या लोकांची कधी होते?

1563 साली पहिल्या एलिझाबेथ राणीने शाळेची सनद दिली. तिच्याआधी कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात, 1556 मध्ये, याच बेटाच्या सेंट पीटर पोर्ट या गावात एका आईला आणि तिच्या दोन मुलींना धर्मद्रोही ठरवून जाळलं होतं. ते पाहिलेली माणसं शाळा निघाली तेव्हा हयात असणार. नव्या राणीला बेटावर प्रोटेस्टंट पंथाचे, तिच्याशी एकनिष्ठ असे धर्मोपदेशक तयार करायचे होते, आणि शाळा त्यासाठी होती. फ्रान्सिस्कन साधूंच्या जुन्या मठाची जागा तिला दिली. मुख्याध्यापकाच्या चरितार्थासाठी दरसाल 80 क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्रजी माप) गव्हाचं उत्पन्न लावून दिलं. पहिले मुख्याध्यापक आद्रियान साराव्हिया. वडील स्पॅनिश, आई फ्लेमिश. पुढे 1611 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांमध्येही ते होते. म्हणजे माणूस मोठा विद्वान, पैशाची सोय झालेली, जागा हाताशी.

तरीही शाळा रुजली नाही. बेटावरची माणसं नॉर्मन वळणाची फ्रेंच बोलत. मासेमारी, विणकाम, व्यापार यांत त्यांचा दिवस जाई. लॅटिन व्याकरण घोकून धर्मोपदेशक व्हायचं स्वप्न कितीशा घरांत असणार? मुलं आली काय नि न आली काय, गव्हाचं उत्पन्न ठरलेलं. 1799 मध्ये शाळेत एकच विद्यार्थी होता आणि 1816 मध्ये एकही नव्हता. अडीचशे वर्षांनंतरची ही स्थिती! माझ्या मते या शाळेच्या इतिहासातलं सगळ्यात शिकण्याजोगं पान हेच आहे, आणि गौरवग्रंथांत ते नेहमी घाईने उलटलं जातं.

बदल घडला तो 1823 नंतर. बेटावरचे राजाचे प्रतिनिधी, लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन कोलबर्न यांच्या पुढाकाराने चौकशी समिती बसली. बेटावरच्या लोकांना चांगलं शिक्षण द्यायचं तर या संस्थेचं काय करावं, असा तिच्यापुढचा सवाल होता. राणीला काय हवं याऐवजी लोकांना काय हवं, हे पहिल्यांदा विचारलं गेलं. 1824 मध्ये नवी सनद मिळाली, अभ्यासक्रम बदलला, आणि 1826 ते 1829 दरम्यान वास्तुकार जॉन विल्सन यांनी टेकडीवर आज दिसते ती भव्य इमारत उभी केली.

या नव्या शाळेतून मुलं साम्राज्यभर गेली, आपल्याकडेही आली. जबलपूरला जन्मलेला डंकन होम हा तिचाच विद्यार्थी. 14 सप्टेंबर 1857 ला दिल्लीचा काश्मिरी दरवाजा सुरुंगाने उडवणाऱ्या तुकडीत तो होता. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक जाहीर झालं. महिन्याभराच्या आतच मालागढचा किल्ला पाडताना स्फोटात तो गेला. शाळा त्याचा अभिमान बाळगते. आपण त्या दरवाजाच्या आतल्या बाजूची माणसं आहोत, हे विसरून मला त्याचं नाव घेता येत नाही.

शाळेची खरी परीक्षा 1940 च्या जूनमध्ये झाली. फ्रान्स पडला, आणि मुलांना बेटाबाहेर पाठवायचं की नाही हे आईबापांना काही तासांत ठरवावं लागलं. सुमारे 17,000 माणसं बेट सोडून गेली. शाळाही बोटीने निघाली, आणि शेवटी इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागातल्या ग्रेट हकलो या खेड्यात थांबली. 30 जूनला जर्मन सैन्य बेटावर उतरलं आणि टेकडीवरच्या इमारतीत त्यांचं मुख्यालय आलं. घरी पत्र लिहायची सोय उरली नाही. रेडक्रॉसमार्फत निरोप जाई, तोही पंचवीस शब्दांचा, आणि तो पोचायला महिनेच्या महिने लागत. मी ठीक आहे, उंची वाढली, परीक्षा पास झालो, आजी कशी आहे: एवढ्यात पंचवीस शब्दांतले किती उरतात, मोजून पाहा. पाच वर्षं शाळेजवळ ना इमारत होती ना बेट. शिक्षक आणि मुलं तेवढी होती, आणि वर्ग चालू होते. 1816 मध्ये सगळं उलट होतं.

1945 मध्ये मंडळी परतली. पुढच्या काळात बेटाचं सरकार निवड परीक्षेतून काही हुशार मुलांची फी भरत असे. 2016 मध्ये विधिमंडळाने ती परीक्षाच बंद करायचं ठरवलं. मुलींसाठी बेटावर लेडीज कॉलेज 1872 पासून होतं. एलिझाबेथ कॉलेजने खालच्या वर्गांपासून मुलींना घ्यायला सुरुवात केली ती 2021 मध्ये. फी भरू न शकणाऱ्या घरांना ही शाळा आपली वाटेल का, हा वाद आज बेटावर आहे, आणि तो व्हायलाच हवा असं मला वाटतं.