.४७० चं कोडं आणि केप बफेलोची रायफल

जाडसर मार्कर पेन डोळ्यांसमोर आणा. .४७० नायट्रो एक्सप्रेसचं काडतूस जवळपास एवढंच जाड आणि चार इंच लांब. त्यातली गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमची. आफ्रिकेतल्या शिकारीच्या गप्पांत लोक .४७० हा आकडा असा घेतात, जणू तो कुणाला साक्षात्कारातच मिळाला.

तसं काही नाही. यामागे आपला देश आहे! १८९८ साली रिग्बी या इंग्रज बंदूकवाल्यानं .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं आणि ते झकास चाललं होतं. १९०७ मध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर, म्हणजे ०.४५० इंच व्यासाच्या नळीवर, बंदी घातली. बंडवाल्यांकडच्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच; साहेबांच्या शिकारीच्या गोळ्या तिकडे पोचतील ही धास्ती. मग बंदूकवाल्यांनी पळवाट धरली: .४६५, .४७०, .४७६. हत्तीला यातला फरक कळत नाही. त्यामुळे बोअरवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांचं मी फार मनावर घेत नाही.

बघायचं ते हे, की गोळी आत किती जाते. केप बफेलो म्हणजे सहा-सातशे किलोंचं धूड. खांद्याचं हाड फोडून गोळी काळजापर्यंत गेली पाहिजे. म्हणून हत्तीला सॉलिड, म्हणजे न पसरणारी गोळी. बफेलोला पहिली मजबूत सॉफ्ट, म्हणजे आत पसरणारी, आणि मागून सॉलिड, ही जुनी रीत. कारामोजो बेल या जुन्या हत्तीशिकाऱ्यानं ७ मिलिमीटरच्या रायफलीनं शेकडो हत्ती पाडले, पण नेमका मेंदू गाठून. आज ती नक्कल कायद्यातच बसत नाही. झिंबाब्वेत हत्ती-बफेलोसाठी किमान ९.२ मिलिमीटर बोअर आणि ५.३ किलोज्यूल ऊर्जा लागते.

१९१२ चं .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतूस ही अट सहज पार करतं. ३०० ग्रेनची गोळी, धक्का सोसवेल इतपत. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सांगेन. त्यावरची पायरी .४१६ रिग्बी, १९११ चं. त्याची केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, एवढी मोठी, कारण जुनी कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढायचा आणि केस नळीत अडकायची. जागा मोठी, दाब कमी.

दुनळी की बोल्ट (हातानं दांडा मागे-पुढे करून भरायची एकनळी)? दुनळीत दोन चाप, दुसरा बार लगेच; पण किंमत ऐकून घाम फुटतो. बोल्ट घेणार असाल तर माउझर ९८ च्या धाटणीची घ्या. मॅगझिनमधून काडतूस सुटताच तिचा पंजा त्याची कड पकडतो. घाबरून बोल्ट अर्धाच पुढे ढकलून परत मागे ओढला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत.

(आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे. हे सगळं तिकडचं, परवान्यानिशी.)

आणि रेंजवर हे करून बघा. मित्राला रायफल भरायला द्या. कधी खरं काडतूस, कधी डमी, तुम्हाला न सांगता. डमीवर चाप ओढताना नळी खाली झुकली, म्हणजे धक्क्याची धास्ती मनात बसली आहे; तर .४१६ परत करा.