शापात मिळालेलं नाव

जुना वाडा. तळघर. आणि हातात दिवा धरून दार उघडणारा काळा नोकर. हॉलिवूडच्या गॉथिक भयपटांत काळ्या माणसाच्या वाट्याला वर्षानुवर्षं एवढंच काम आलं. त्यानं घाबरायचं, नाहीतर इतरांना घाबरवायचं. गोष्ट मात्र वाड्याच्या मालकाची.

खरं तर त्या वाड्यांच्या पायाखाली काय पुरलंय, हे सिनेमाला अधूनमधून दिसत होतं. १९४३च्या 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'मध्ये कॅरिबियन बेटावरच्या एका गोऱ्या मळेवाल्याच्या आवारात संत सेबास्टियनचा पुतळा आहे. अंगात बाण रुतलेला. हा पुतळा मूळचा गुलामांच्या जहाजाच्या पुढच्या टोकावरचा. ज्यांचे पूर्वज त्या जहाजातून आले, ती माणसं याच घरात राबतात. पण कॅमेरा पुन्हा गोऱ्या कुटुंबाकडे वळतो.

१९७२. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी काळा ड्रॅक्युला पडद्यावर आणायचं ठरवते. सिनेमाचं नाव 'ब्लॅक्युला'. दिग्दर्शक विल्यम क्रेन, विशीतला कृष्णवर्णीय तरुण. नायक विल्यम मार्शल. खर्जातला आवाज, रंगभूमीवर कमावलेली चाल. देवलांनी मराठीत ज्याचा 'झुंजारराव' केला, तो ऑथेल्लो मार्शल यांनी अनेकदा रंगवला होता.

पहिल्या संहितेत नायकाचं नाव होतं अँड्र्यू ब्राउन. काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या एका जुन्या रेडिओ मालिकेतल्या पात्राची आठवण करून देणारं नाव. मार्शल यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी आग्रह धरला, की या माणसाला घराणं हवं, भूतकाळ हवा. त्यातून उभा राहिला मामुवाल्डे, आफ्रिकेतला राजपुत्र.

सिनेमाची सुरुवात पाहा. साल १७८०. ट्रान्सिल्व्हेनियातला किल्ला. मामुवाल्डे पत्नी लुवासह ड्रॅक्युलाच्या घरी पाहुणा म्हणून आलाय. मागणं एकच: गुलामांचा व्यापार थांबवायला मदत करा. ड्रॅक्युला हसतो. गुलामगिरीत त्याला काहीच वावगं दिसत नाही. उलट समोर बसलेल्या लुवाचीच किंमत मोजायची भाषा तो करतो. मग तो मामुवाल्डेच्या गळ्यात दात रुतवतो, त्याला शवपेटीत कोंडतो आणि शाप म्हणून स्वतःचंच नाव देतो: ब्लॅक्युला.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. जहाजातून उतरवलेल्या माणसांची नावं पुसून मालकांनी आपली नावं त्यांना चिकटवली, हा इतिहास आहे. स्वस्तात काढलेल्या एका भयपटानं तो एका शापात मांडला. पोस्टरवर ब्लॅक्युला झळकलं. पण जवळपास दोन शतकांनी लॉस एंजेलिसमध्ये जागा झालेला हा माणूस लोकांना आपली ओळख सांगतो ती मामुवाल्डे म्हणूनच.

याच सिनेमाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. शवपेटी अमेरिकेत आणतात बॉबी आणि बिली, घरं सजवणारं एक समलिंगी जोडपं. एक काळा, एक गोरा. त्यांच्या चालण्याबोलण्यावर हशा पिकवला जातो, पहिले बळीही तेच, आणि मेल्यावरही त्यांच्याबद्दल हलकंच बोललं जातं. नायकासाठी मार्शल जसे अडून बसले, तसं या दोघांसाठी कुणी बसलं नाही. मला ते आजही पाहवत नाही.

सिनेमा चालला, तेव्हा इतर निर्मात्यांनाही काळा पिशाच्चपट हवासा झाला. बिल गन यांना तशीच ऑर्डर मिळाली. त्यांनी १९७३ साली बनवला 'गांजा अँड हेस': संथ, कवितेसारखा, रक्ताच्या तहानेला व्यसनासारखं पाहणारा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. मायदेशी मात्र वितरकानं त्याची कापाकापी करून भलत्याच नावानं तो पुन्हा लावला. गन यांची मूळ प्रत न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिली, म्हणून आज ती आपल्याला पाहता येते.

आणि मामुवाल्डे? लुवाचाच चेहरा घेऊन या जन्मी भेटलेली टीना त्याच्या डोळ्यांसमोर मरते. पोलिस आणि डॉक्टर लाकडी सूळ घेऊन उभे आहेत. तो त्यांना हात लावू देत नाही. वळतो, जिना चढू लागतो. वर लख्ख ऊन पडलंय. एकेक पायरी जड होत जाते, तरी पाठ ताठ. तो चढत राहतो.